भामटा : एक शिवी, एक दाखला

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालेली एस.टी. चितेगावला थांबते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांइतक्याच कारखान्यांच्या भिंती दिसू लागतात. पाळी संपवून निघालेले कामगार, शहरातून शाळेवर येणारे शिक्षक, पैठणला तहसील कचेरीत कामानिमित्त चाललेली माणसे यांची येथे गाठ पडते. हॉटेलातील एकाच वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन चार टेबलांवर फिरतात, आणि आतल्या पानावर एक शब्द बहुधा रोज सापडतो. फोनवरून कोणा निवृत्त गृहस्थाचे बँकखाते रिकामे करणारा 'सायबर भामटा', पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेच्या गळ्यातील पोत काढून घेणारा 'तोतया भामटा', नोकरीचे आमिष दाखवून गंडा घालणारी 'भामट्यांची टोळी'. वाचणारा वाचतो, क्षणभर हळहळतो, 'काय भामटे लोक असतात' असे पुटपुटतो आणि पान उलटतो.

त्याच एस.टी.त प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने कागद जपून घेऊन बसलेला एखादा बाप असू शकतो. मुलाला महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा आहे; त्यासाठी जातीचा दाखला हवा आहे. शासनाच्या शिक्क्यानिशी त्या दाखल्यावर जे नाव छापले जाणार आहे, ते 'राजपूत भामटा' किंवा नुसतेच 'भामटा' असे आहे. एकच शब्द वर्तमानपत्राच्या पानावर शिवी आहे, आणि काही मैलांवरच्या कचेरीत तो एका माणसाचे कायदेशीर नाव आहे. मराठी भाषेला या विसंगतीची इतकी सवय झाली आहे की ती विसंगती आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

फसवणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा आहे असे मुळीच नाही. उलट या बाबतीत ही भाषा फार श्रीमंत आहे, आणि प्रत्येक शब्दाचे वजन निराळे आहे. 'लबाड' हा शब्द आई लेकराच्या गालाला हात लावूनही उच्चारते. 'बेरकी' आणि 'इरसाल' यांत निम्मे कौतुकच असते. 'बनेल' माणूस अनुभवाने तयार झालेला असतो. 'लुच्चा' हा क्षुद्र, 'कपटी' हा आतल्या गाठीचा, 'दगाबाज' हा विश्वासातला. देवाधर्माच्या नावावर फसवतो तो 'भोंदू'. 'ठक' हा सर्वांत जुन्यांपैकी एक; संस्कृतातील झाकणे, लपवणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते आहे, आणि ठकास महाठक भेटल्याच्या गोष्टी मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या आहेत. या सगळ्या कुटुंबात 'भामटा' या शब्दाची छटा वेगळी आहे. भामटा हा परका असतो. तो बाजारात, यात्रेत, रेल्वेच्या डब्यात भेटतो, गोड बोलतो, आणि आपले गाठोडे घेऊन नाहीसा होतो. आजचा फोनवरचा चोर हाही न दिसणारा, न ओळखीचा, गोड बोलणारा असल्यामुळे बातमीदारांच्या लेखणीतून त्याच्यासाठी हाच शब्द उतरावा यात नवल नाही. शब्द चपखल बसतो, हीच तर अडचण आहे.

'चारसोबीस' या शब्दाची हकीकत येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ४२० वे कलम फसवणुकीचे होते. त्या आकड्यावरून अनेक भारतीय भाषांना एक विशेषण मिळाले, आणि १९५५ साली राज कपूर यांच्या 'श्री ४२०' या चित्रपटाने ते घरोघर नेले. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम ३१८ वे झाले. परंतु 'तो मोठा तीनशे अठरा आहे' असे अद्याप कोणी म्हणताना ऐकू येत नाही, आणि बहुधा येणारही नाही. कायदा एका रात्रीत बदलतो. भाषा तशी बदलत नाही. मात्र चारसोबीस या शब्दाने कोणाच्या जन्माला डाग लागत नाही. तो कृत्यावरून पडलेला शब्द आहे. ज्याने कृत्य केले त्याला तो लागतो, त्याच्या नातवाला लागत नाही. भामटा या शब्दाचे तसे नाही.

हा फरक कसा पडला, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. इंग्रजी अमलात 'ठग' हा शब्द प्रथम कृत्याचा होता. स्लीमनच्या मोहिमेच्या काळात, १८३६ सालच्या कायद्याने, ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे हाच जन्मठेपेला पुरेसा गुन्हा ठरला. अमुक माणसाने अमुक दिवशी काय केले हे विचारण्याऐवजी तो कोणांपैकी आहे हे विचारण्याची रीत तेथे पडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या रीतीला पूर्ण रूप दिले. आता टोळीऐवजी जमात आली, आणि जमातीत माणूस सामील होत नाही, जन्मतो. आरंभी उत्तर हिंदुस्थानपुरता असलेला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. नोंदलेल्या जमातीतील माणसांनी बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरास तारेच्या कुंपणात अशा जमातींची वसाहत उभी राहिली. तिला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखतात. तेथे जन्मलेल्या मुलाने काही करण्याच्या आधीच तो गुन्हेगार होता.

कायद्याच्या मागोमाग ग्रंथ आले. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात भामट्यांवर एक टिपण आहे. ते नामांकित चोर असल्याचे तर त्यात सांगितले आहेच. शिवाय चौदा वेळा तरी पोलिसांनी पकडल्याखेरीज भामट्याच्या मुलीने वराला पसंत करू नये असा रिवाज वर्धेकडे असल्याची एक ऐकीव गोष्टही दिली आहे. अशा गोष्टी सांगणाऱ्याला विनोदी वाटतात आणि ऐकणाऱ्याच्या मनातून त्या जात नाहीत. परंतु त्याच टिपणात, त्याच पानांत, या समाजातील पुष्कळ लोक तागाची शेती करतात आणि त्या तागापासून दोर, तरटे व गोणपाट बनवतात, असेही नमूद केले आहे. चौदा अटकांची गोष्ट शंभर वर्षे टिकली. तागाची गोष्ट कोणी उद्‌धृत करीत नाही.

वास्तविक अर्थशास्त्राच्या दृष्टीने तागाची गोष्टच अधिक बोलकी आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'भामटा' या नोंदीखाली जी पोटनावे दिली आहेत ती वाचून पाहावीत. गिरणीवडार, कामाटी, पाथरूट, टकारी, उचले, घंटीचोर. यांतील पाथरूट म्हणजे दगडाचे काम करणारा. टकारी म्हणजे टाकी लावणारा. घरोघरची जाती घासून गुळगुळीत झाली की टाकीने त्यांना पुन्हा खरखरीतपणा आणून देणारा कारागीर. त्याच ओळीत, फक्त एका स्वल्पविरामानंतर, 'उचले' येते, म्हणजे उचलून नेणारे. आणि 'घंटीचोर', म्हणजे गाठोडी पळवणारे. एकाच समूहाची काही नावे कष्टावरून पडलेली आहेत आणि काही आरोपावरून, आणि शासकीय कागदावर ती सारख्याच टंकात, सारख्याच मानाने बसली आहेत. कोणा कारकुनाने ही यादी टंकलिखित केली असेल, कोणा अधिकाऱ्याने तीवर सही केली असेल. 'चोर' हा शब्द जातीच्या नावात टंकित करताना दोघांपैकी एकाचाही हात अडखळला नसावा.

पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तेव्हा जात्याला टाकी लावणाऱ्याचे काम संपले. गिरणीत विणलेली पोती आणि नंतर नायलॉनचे दोर आले तेव्हा हाताने वळलेल्या दोराला गिऱ्हाईक उरले नाही. बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यापार रेल्वेने आधीच संपवला होता. ज्यांची नावे इंग्रजांच्या यादीत चढली त्यांपैकी कितीतरी समाज असे फिरत्या धंद्यांचे, नव्या यंत्राने आणि नव्या रुळांनी उठवलेले होते. अशा माणसाचा धंदा गेला की धंद्याचे नावही हळूहळू जाते. नव्या पिढीला टकारी म्हणजे काय हे सांगावे लागते. भामटा म्हणजे काय हे मात्र कोणालाच सांगावे लागत नाही. या समाजांत चोरी करणारे कोणी नव्हतेच, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' या आत्मकथनात आपल्या माणसांच्या चोरीविषयी काहीही लपवलेले नाही; उपासमार, पोलिसांचा मार आणि चोरी यांची सांगड कशी पडते हे त्यांनी जेवढ्या सरळपणे सांगितले तेवढे कोणा समाजशास्त्रज्ञाला सांगता आलेले नाही. १९८८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. पुस्तकाचे नाव म्हणून त्यांनी समाजावर मारलेला शिक्काच घेतला, आणि इंग्रजी अनुवादाला जे नाव मिळाले त्याचाही अर्थ 'डागलेला' असाच आहे.

स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. ज्यांच्यावरून तो उठला त्यांना 'विमुक्त' हे सुंदर नाव मिळाले. आजही अनेक ठिकाणी ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राने २१ नोव्हेंबर १९६१ रोजी विमुक्त जाती व भटक्या जमातींची यादी निश्चित केली. विमुक्त जाती चौदा, आणि त्यांत 'भामटा' ही एक नोंद व 'राजपूत भामटा' ही दुसरी, स्वतंत्र नोंद. तिची पोटनावे परदेशी भामटा आणि परदेशी भामटी. पुढे १९९४ साली आरक्षणाची विभागणी झाली तेव्हा विमुक्त जातींच्या 'अ' प्रवर्गाच्या वाट्याला ३ टक्के आले. म्हणजे कायद्याने माणसाला सोडले, परंतु सवलत देण्यासाठी त्याची ओळख पटवणे भाग होते, आणि ती ओळख पटवण्यासाठी हाताशी असलेले नाव इंग्रज पोलिसांच्या दप्तरातले होते. विमुक्ताच्या दाखल्यावर मुक्तीपूर्वीचेच नाव राहिले.

या दाखल्याची पुढची वाट शिक्षकांना आणि कारकुनांना सांगण्याची गरज नाही. जातीच्या दाखल्यानंतर वैधता प्रमाणपत्र, आणि त्यासाठी १९६१ पूर्वीचा पुरावा. आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत गेले तिच्या जनरल रजिस्टरातला निर्गम उतारा हा त्यातला सर्वांत भक्कम पुरावा. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत त्या घराची अवस्था निराळी सांगायला नको. ज्यांचे गेले, त्यांच्या घरी एक चमत्कारिक दृश्य दिसते. पणजोबांच्या नावासमोर कोणा गुरुजींनी बोरूने लिहिलेला 'भामटा' हा शब्द स्पष्ट वाचता यावा म्हणून नातू देव पाण्यात घालून बसलेला असतो. अक्षर पुसट असले, शाई फाकलेली असली, 'राजपूत' लिहून गुरुजींनी तेवढ्यावरच लेखणी उचललेली असली, तर तो हवालदिल होतो. मुलगा वर्गात जो शब्द मित्रांपासून लपवतो, तोच शब्द बाप तिजोरीत ठेवण्याच्या काळजीने जपतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवशी शाळेत जात मोठ्याने विचारली जाते तेव्हा काय होत असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी. इतर मुलांच्या जातीचे नाव हे जातीचे नाव असते. या मुलाच्या जातीचे नाव ऐकून वर्ग हसतो.

म्हणून ते नाव काढून टाकावे, ही मागणी अगदी स्वाभाविक होती. २०२३ च्या मे महिन्यात छत्रपती संभाजीनगर येथे राजपूत समाजाचा मोठा मेळावा झाला आणि त्यात तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी 'राजपूत भामटा' या नावातील 'भामटा' हा शब्द वगळण्याचे सूतोवाच केले. एक अपमानास्पद शब्द जाणार, याचा सर्वांना आनंद व्हावयास हवा होता. झाले उलटेच. बंजारा आणि विमुक्त प्रवर्गातील इतर समाजांच्या संघटनांनी या घोषणेस कडाडून विरोध केला, मोर्चे निघाले, आणि बनावट राजपूत भामटा दाखल्यांची चौकशी करा अशी मागणी पुढे आली.

विरोध करणाऱ्यांना त्या शब्दाचे प्रेम होते असे नव्हे. त्यांचे म्हणणे हिशेबाचे होते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. 'राजपूत' ही खुल्या प्रवर्गातील जात. 'राजपूत भामटा' ही विमुक्त जात. दोहोंमध्ये कागदावर जी भिंत आहे ती त्या एका शब्दाची आहे. शब्द काढला की भिंत जाते, आणि ३ टक्क्यांच्या पंगतीत, जेथे चौदा जातींची मुले आधीच दाटीने बसलेली आहेत, तेथे जमीनजुमला आणि प्रतिष्ठा असलेले लोक पाट मांडून बसतील. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशयादीत या प्रवर्गाला मिळणाऱ्या जागा हातांच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या असतात. तेथे एक जागा गेली म्हणजे तांड्यावरचा एक डॉक्टर गेला. आणि ही भीती काल्पनिक नाही, असे बनावट दाखल्यांविषयीच्या तक्रारींचे प्रमाण सांगते.

येथे भाषेने मनुष्यस्वभावावर केलेला एक विलक्षण विनोद दृष्टीस पडतो. जो खरोखर भामटा समाजात जन्मला तो कोशातल्या अर्थाने भामटा नाही. तो तागवाल्याचा, पाथरवटाचा नातू आहे. आणि जो त्या समाजात जन्मला नाही, परंतु एका जागेसाठी खोटा दाखला काढून स्वतःला भामटा म्हणवून घेतो, तो मात्र कोशातल्या अर्थाने अगदी नेमका भामटा आहे. पहिला तो शब्द अंगावरून उतरवू पाहतो, दुसरा तो पैसे देऊन अंगावर चढवतो. चौकशीच्या दप्तरात दोघांची नोंद एकाच नावाने होते.

शब्दातल्या एका अक्षराला महाराष्ट्रात किती मोल आहे, हे धनगर आणि 'धनगड' या वादाने दाखवून दिलेच आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील 'धनगड' म्हणजे 'धनगर'च, असा दावा घेऊन वर्षानुवर्षे आंदोलने झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत तो फेटाळला. 'ड' की 'र', एवढाच प्रश्न; परंतु त्या एका अक्षराच्या अलीकडे आणि पलीकडे लक्षावधी माणसे उभी आहेत. सरकारी यादीतील शब्द हा भाषेचा शब्द राहत नाही. तो एक प्रकारचा सातबारा होतो. सातबाऱ्यावरील नाव कितीही ओंगळ असले तरी ते खोडताना माणूस आधी जमिनीचा विचार करतो.

मग मार्ग काय? नाव बदलता येतच नाही असे नाही. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशा नावांच्या जागी समतानगर, क्रांतीनगर यांसारखी नावे सुचवण्यात आली. वस्तीचे नाव बदलल्याने तिथल्या घराचा मालक बदलत नाही. जातीच्या नोंदीसही हे लागू करता येण्यासारखे आहे. शब्द नुसता वगळला तर भिंत पडते. परंतु त्याच्या जागी दुसरा शब्द बसवला तर भिंत राहते आणि शिवी जाते. तो दुसरा शब्द शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. तागवाले, टकारी, पाथरूट ही नावे समाजाच्या आठवणीत आणि काही तर सरकारी यादीतच आहेत. जुनी नोंद हा पुरावा म्हणून ग्राह्य राहील, नवे नाव दाखल्यावर येईल, आणि वैधतेची तपासणी आज आहे तशीच, किंबहुना अधिक कडक, चालेल. खोट्या दाखल्यापासून संरक्षण हे तपासणीने होते. अपमानाच्या भयाने होत नाही. ज्याला जागा हवी आहे तो अपमान सोसायला तयार असतो, हे आतापर्यंत पुरते सिद्ध झाले आहे.

या बाबतीत महाराष्ट्रच एकटा नाही. युरोपात ज्यांना शतकानुशतके 'जिप्सी' म्हटले गेले, त्यांच्या नावावरून इंग्रजीत फसवणे या अर्थाचे क्रियापदच तयार झाले, असे मानले जाते. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या त्यांच्या पहिल्या जागतिक परिषदेने ते नाव नाकारून 'रोमा' हे स्वतःच्या भाषेतील नाव स्वीकारले. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर दिलेल्या निकालाची नोंद येथे घेतली पाहिजे. राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावलीत विमुक्त जमातींतील माणूस हा जन्मतःच सराईत गुन्हेगार असल्याचे गृहीत धरणाऱ्या तरतुदी तोपर्यंत शिल्लक होत्या. त्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या आणि तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. १९५२ साली रद्द झालेला कायदा बहात्तर वर्षे तुरुंगाच्या कपाटात जिवंत होता. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो आणखी किती वर्षे राहणार, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेतला नाही.

मथळ्यांचा विषय निघाला म्हणून चितेगावातील आणखी एका गोष्टीकडे वळावे लागते. संभाजीनगर-पैठण रस्त्यावरील चौदाव्या किलोमीटरचा दगड हा ज्या कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्याचा भाग होता, त्या व्हिडिओकॉनचा दूरचित्रवाणी संचांचा कारखाना या गावाने पाहिला. जवळपासच्या कितीतरी घरांत पहिला पगार तेथून आला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. धनकोंचे मान्य झालेले दावे ६४ हजार कोटी रुपयांहून अधिक होते. २०२१ च्या जूनमध्ये न्यायाधिकरणाने मान्य केलेली योजना सुमारे २ हजार ९६२ कोटींची होती, म्हणजे रुपयातील पंचाण्णव पैशांहून अधिक रकमेवर धनकोंनी पाणी सोडायचे. २०२२ च्या जानेवारीत अपिली न्यायाधिकरणाने ही योजना रद्दबातल केली. कर्ज बुडणे म्हणजे फसवणूक नव्हे. धंदा बुडू शकतो, आणि कोणी काय केले हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. येथे मुद्दा केवळ भाषेचा आहे. पंचाण्णव पैसे सोडण्याला बँकिंगच्या भाषेत 'हेअरकट' म्हणतात, जणू सकाळी न्हाव्याकडे जाऊन यावे. कर्ज थकले की ते 'अनुत्पादक मालमत्ता' होते. मालमत्ता हा शब्द त्यात टिकून राहतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या निर्देशांनुसार २५ लाख वा त्याहून अधिक रकमेचे कर्ज ऐपत असूनही जाणूनबुजून न फेडणाऱ्याला 'विलफुल डिफॉल्टर' ठरवता येते. मराठीत त्याचे 'हेतुपुरस्सर कर्ज थकवणारा' असे भारदस्त भाषांतर होते. बातमीत त्याच्या नावापुढे 'श्री.' राहते, मागे 'यांनी' राहते.

एस.टी.च्या गर्दीत पाकीट मारणारा मात्र 'भामट्याने' असतो, एकवचनी, आणि त्याचे आडनाव कळण्याच्या आधीच. रक्कम जितकी लहान, शब्द तितका धारदार. रक्कम वाढत गेली की शब्द बोथट, संस्कृतप्रचुर आणि आदरार्थी होत जातो. हा केवळ वृत्तपत्रांचा दोष नाही. बँकेच्या वसुलीच्या नोटिशीतही शेतकऱ्याच्या दारावर लागणारा कागद आणि मोठ्या ऋणकोला जाणारे पत्र यांची भाषा निराळी असते, हे त्या नोटिसा टंकलिखित करणाऱ्या कारकुनाला कोणापेक्षाही चांगले ठाऊक आहे. ज्या समाजाने फार फार तर गाठोडी उचलली, त्याचे नाव भाषेने फसवणुकीचे सामान्यनाम करून टाकले. ज्यांच्या व्यवहारांत पुरा जिल्हा खरेदी करता येईल अशा रकमा हरवतात, त्यांच्यासाठी भाषेने अद्याप एकही शिवी घडवलेली नाही.

एक आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. बोलणाऱ्याच्या मनात जात नसते, असे म्हणता येईल. चितेगावच्या हॉटेलात 'भामटा' म्हणणाऱ्या कामगाराला अशा नावाची जात आहे हे बहुधा ठाऊकही नसते. त्याच्या लेखी तो शब्द म्हणजे चोर, एवढेच. हे खरे आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात काय असते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याच टेबलाच्या कडेला दाखल्याची पिशवी मांडीवर घेऊन कोणी बसलेला असेल, तर तो मान वर करीत नाही. त्याच्या वतीने आक्षेप घेण्याचीही सोय नाही. कारण आक्षेप घेण्यासाठी त्याला आधी आपली जात सांगावी लागेल.

दाखल्यावरील नाव बदलण्यास शासननिर्णय लागेल, समित्या लागतील, आणि ज्यांच्या ३ टक्क्यांचा प्रश्न आहे त्या सर्वांना विश्वासात घ्यावे लागेल. त्यास वर्षे जातील. मथळा बदलण्यास यांपैकी काहीच लागत नाही. रात्रपाळीच्या उपसंपादकाला जागेचीच अडचण वाटत असेल तर 'ठक' हा शब्द दोन अक्षरांचा आहे, 'भामटा' या शब्दाहून आखूड आहे, आणि त्या नावाची जात महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत नाही.